'फेरो' या लॅटिन क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटिन शिकायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच प्रत्येकाची गाठ या क्रियापदाशी पडते, आणि बरेच जण इथे अडखळतात. मी मराठी विद्यार्थ्यांना लॅटिन शिकवते. दरवर्षी मला जवळपास तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून ते उत्तरांसकट एकदा लिहून काढले. लॅटिन शब्द प्राचीन रोमन उच्चाराच्या जितके जवळ नेता येतील तितके नेऊन देवनागरीत दिले आहेत.

'फेरो'चा नेमका अर्थ काय?

वाहणे.

इंग्रजी शब्दकोश उघडलात तर या एका क्रियापदाखाली रकानेच्या रकाने दिसतील: नेणे, आणणे, सोसणे, पीक देणे, सांगणे, मांडणे, वेगाने जाणे. विद्यार्थी ही यादी पाठ करायला बसतो आणि आठवड्याभरात विसरतो. मराठी माणसाला त्या यादीची गरजच नाही, कारण त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी आपण एकाच शब्दात बोलतो. हमाल ओझं वाहतो. नदी वाहते. देवाला फूल वाहतात. थोरला भाऊ घराची काळजी वाहतो. पुरात गोठा वाहून जातो.

आता लॅटिन बघा. 'ओनुस फेर्रे' म्हणजे ओझं वाहणे. ऱ्हाईन नदी आल्प्समधून निघून कितीतरी प्रदेशांतून वेगाने वाहते हे सीझर सांगतो तेव्हा त्याचं क्रियापद 'फेर्तुर' असतं, म्हणजे याच फेरोचं कर्मणी रूप. देवापुढे काही वाहायचं तर 'ओफ्फेर्रे', आणि काही वाहून गेलं तर 'आउफेर्रे'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे चार वेगळे अर्थ वाटतात, आपल्याला ते वाटत नाहीत.

पुढे पीक, अफवा आणि कायदा हे अर्थ येतात. तिथे 'वाहणे' पुरत नाही, तरी धागा तोच राहतो.

मग 'वाहणे' आणि 'फेरो' एकाच मूळचे का?

नाही, आणि ही गल्लत सुरुवातीलाच टाळावी. 'वाहणे' हे संस्कृत 'वह्' धातूचं. त्याचा लॅटिनमधला सख्खा भाऊ 'वेहो' आहे, ज्यातून पुढे इंग्रजी व्हेइकल आलं. 'फेरो'चं संस्कृत रूप 'भृ', भरति. म्हणजे अर्थाने फेरो वाहण्याच्या जवळ आणि कुळाने 'भार' या शब्दाच्या जवळ. दोन्ही आपल्याच घरात आहेत.

'भृ' आणि 'फेरो' एकच हे कशावरून?

एका शब्दाच्या साम्यावर असं नातं कोणी मानत नाही. ध्वनी नियमाने बदललेले दिसावे लागतात. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'भ' आहे तिथे लॅटिनमध्ये 'फ' येतो: भ्राता आणि 'फ्रातेर'. 'ध'चंही लॅटिनमध्ये तेच होतं: धूम आणि 'फूमुस', दोन्हींचा अर्थ धूर. हाच 'भ' शब्दाच्या मध्ये आला तर लॅटिन त्याचा 'ब' करतं: नभस् आणि 'नेबुला'. त्याच न्यायाने भरामि, भरसि, भरति यांच्यासमोर फेरो, फेर्स, फेर्त ठेवा. शेवटचे 'मि' आणि 'ओ' सोडले तर 'स' आणि 'त' अजून जागेवर आहेत.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच लुप्त झालेल्या भाषेतून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडलं. 1816 मध्ये फ्रान्झ बोप यांनी क्रियापदांची रूपं शेजारीशेजारी लावून त्या नात्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. विभक्ती आणि धातू शाळेत घोकलेल्या कोणाही मराठी माणसाला ते रकाने बघून आजही भरून येईल. 'भरून येणे' यातला 'भर'सुद्धा तोच धातू. भार, भारा, भरणे, भरणपोषण, भर्ता, भार्या हे सगळं फेरोचं गोत.

'फेरो, फेर्रे, तुली, लातुम' ही चार मुख्य रूपं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पाठ्यपुस्तकं 'हे अनियमित आहे, पाठ करा' म्हणून पुढे जातात. ते उत्तर मला कधीच पटलेलं नाही.

तुम्ही स्वतः काय बोलता ते आधी ऐका. 'मी जातो' आणि 'मी गेलो'. जातोमधलं एक तरी व्यंजन गेलोमध्ये आहे का? 'जातो' येतं संस्कृत 'या' धातूपासून, 'गेला' येतं 'गम्'च्या 'गत'पासून. दोन वेगळी क्रियापदं मराठीत एका संसारात नांदतात. 'येतो' आणि 'आलो' यांचंही तसंच. कोणा मुलाला हे पाठ करावं लागलं नाही, कारण जी क्रियापदं दिवसातून शंभर वेळा तोंडात येतात त्यांचा वेडेवाकडेपणा कानाला जाणवतच नाही.

फेरोतही दोन धातू आहेत. 'फेरो' आणि 'फेर्रे' ही वर्तमानाची रूपं 'भृ'ची. 'तुली' (मी वाहिलं) आणि 'लातुम' (वाहिलेलं) ही भूतकाळाची रूपं दुसऱ्याच धातूची, ज्याचा अर्थ होता उचलणे, पेलणे. आता 'तुली'कडे जरा थांबून बघा. तुला. तोलणे. तूळ रास. सोनाराकडचा तोळा. तो दुसरा धातूही आपलाच निघाला.

'लातुम'चं काय? ते आधी 'त्लातुम' होतं. शब्दाच्या सुरुवातीला 'त्ल' म्हणणं रोमन जिभेला जड गेलं आणि 'त' गळला. म्हणजे 'तुल'मधला 'तु' गेला आणि 'ल' उरला, एवढंच. जुन्या लॅटिन नाटकांत, प्लाउतुसकडे, 'तुली'च्या जागी 'तेतुली' असं द्वित्व केलेलं रूपही भेटतं. संस्कृतातल्या 'चकार', 'ददर्श' यांच्यात धातूचं पहिलं अक्षर जसं दुहेरी होतं, तसंच ते.

तेव्हा ही चार रूपं पाठ करताना मनात इतकंच म्हणा: भार, भार, तोल, तोल. पहिल्या दोघांत भार आहे, पुढच्या दोघांत तोल. मी वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर हेच लिहिते, आणि त्यानंतर ती रूपं विसरलेला विद्यार्थी मला आठवत नाही.

'तोल्लो' हे वेगळं क्रियापद आहे का?

आहे. 'तोल्लो' म्हणजे उचलतो. 'तुली' त्याच्याच घरातली. पण 'तुली' फेरोने नेल्यावर तोल्लोला स्वतःसाठी उपसर्ग लावलेली रूपं घ्यावी लागली: 'सुस्तुली', 'सुब्लातुम'. त्याचा अर्थ मराठी 'उचलणे'सारखाच दोन्हीकडे वळतो, वर घेणे आणि नाहीसं करणे. 'पाकीट उचललं' आपण म्हणतोच.

वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या वयस्क मंडळींना हे क्रियापद कानाने ठाऊक असतं, कोणी न शिकवता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962 ते 1965) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि तिच्यात दर वेळी म्हटलं जाई: 'आन्युस देई, क्वी तोल्लिस पेक्काता मुन्दी'. जगाची पापं उचलून नेणाऱ्या देवाच्या कोकरा. तिथे 'तोल्लिस'मध्ये दोन्ही अर्थ आहेत, स्वतःच्या अंगावर घेणं आणि दूर करणं. एकच शब्द निवडावा लागतो तेव्हा भाषांतरात काहीतरी निसटतंच. (चर्चमधला उच्चार इटालियन वळणाचा असतो. म्हणून 'आग्नुस' नव्हे, 'आन्युस'.)

रूपं कशी चालवायची?

वर्तमान: फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. जिथे नेहमीच्या क्रियापदांत मध्ये एक ऱ्हस्व 'इ' येतो, तिथे काही जागी तो नाही. 'फेरिस' नव्हे 'फेर्स', 'फेरित' नव्हे 'फेर्त'. साधारण रूपही ('वाहणे') म्हणूनच 'फेरेरे' न होता 'फेर्रे' होतं. बाकी अपूर्ण भूत 'फेरेबाम', भविष्य 'फेराम, फेरेस, फेरेत' हे सरळ तिसऱ्या गणाप्रमाणे. 'तुली'पासून पुढची रूपं पूर्ण नियमित आहेत, तिथे घाबरण्यासारखं काहीच नाही.

आज्ञार्थ 'फेर'. शेवटचा स्वर गाळणारी चार आज्ञार्थी रूपं एका दमात म्हणून ठेवा: दीक, दूक, फाक, फेर. सांग, ने, कर, आण.

तेरेन्तियुसच्या नाटकात पडद्यामागून प्रसूतीच्या कळा देणारी एक मुलगी ओरडते, 'यूनो लूकिना, फेर ओपेम!' बाळंतपणाच्या देवीला घातलेली हाक: धाव, मदत घेऊन ये. त्या क्षणी तोंडातून एक अक्षरी आज्ञाच निघते.

उपसर्ग लागल्यावर हे क्रियापद ओळखू कसं?

कॉलेजात असताना एका दुपारी मी 'अब्स्तुलित' हा शब्द ग्रंथालयातल्या जाड लॅटिन कोशात शोधत होते. 'अब्स्त' इथे नाही, 'अब्स' इथे नाही. अर्धा तास गेला. शेवटी तो 'आउफेरो'खाली सापडला: आउफेरो, आउफेर्रे, अब्स्तुली, अब्लातुम. चार रूपांत उपसर्गाचेसुद्धा तीन अवतार. त्या दिवशी मला कळलं की हे क्रियापद कोशात शोधून सापडत नाही, आधी ते शब्दाच्या आत दिसावं लागतं.

कसं दिसतं ते सांगते. शब्दाच्या पोटात 'फेर', 'तुल' किंवा 'लात' यांपैकी काही दिसलं की थबकायचं. मग पुढचा तुकडा बघायचा. तो पुढच्या व्यंजनाला चिकटून रूप बदलतो, आपल्या व्यंजनसंधीसारखाच. 'आद' (कडे) आणि फेरो मिळून 'आफ्फेरो', भूतकाळात 'आत्तुली', मग 'आल्लातुम'. 'कॉन' (एकत्र) घेतला तर 'कॉन्फेरो, कॉन्तुली, कोल्लातुम'. 'उत् + लास = उल्लास' ज्याला येतं त्याला 'आद + लातुम = आल्लातुम' का झालं हे समजावून सांगावं लागत नाही.

अर्थ बहुतेक वेळा उपसर्गातूनच निघतो. त्राँस्फेरो: पलीकडे नेणे. रेफेरो: परत आणणे, आणि म्हणून सांगणे. प्राइफेरो: पुढे ठेवणे, पसंत करणे. दिफ्फेरो: इकडेतिकडे नेणे, पुढे ढकलणे, वेगळं असणे. देफेरो: खाली आणणे, आणि एखाद्याचं नाव अधिकाऱ्यांपर्यंत नेणे, म्हणजे त्याच्यावर आरोप करणे. सम्राटांच्या रोममध्ये 'देलातोर' म्हणजे खबऱ्या. इतिहासकार तासितुस त्या जमातीबद्दल इतक्या कडवटपणे लिहितो की शब्द कायमचा लक्षात राहतो.

'एफ्फेरो'बद्दल स्वतंत्र लिहायला हवं. एक्स म्हणजे बाहेर, म्हणून एफ्फेर्रे म्हणजे बाहेर नेणे. पण रोमन माणूस 'त्याला बाहेर नेलं' म्हणाला की कित्येकदा त्याचा अर्थ प्रेत घरातून उचललं असा असतो. त्याच क्रियापदाचं 'एलातुस' म्हणजे आनंदाने किंवा गर्वाने वर उचलला गेलेला. तिरडी आणि हर्ष, दोन्ही खांद्यावर उचलण्यातून आलेले. संदर्भ न बघता अर्थ लावू नका असं मी वारंवार सांगते ते अशा शब्दांमुळे.

आभार मानायलाही हेच क्रियापद लागतं का?

रोमन लोक तीन गोष्टी वेगळ्या करत. 'ग्रातिआम हाबेरे' म्हणजे मनात कृतज्ञता असणे. 'ग्रातिआस आगेरे' म्हणजे तोंडाने आभार मानणे. 'ग्रातिआम रेफेर्रे' म्हणजे उपकाराची परतफेड कृतीने करणे, उपकार परत वाहून आणणे. आपल्याकडे 'उपकाराचं ओझं' म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा भाव.

'सोसणे' हा अर्थ कधी घ्यायचा?

कर्म अदृश्य असेल तेव्हा: दुःख, अपमान, उशीर, मरण. सोबत बहुधा क्रियाविशेषण असतं. 'आइग्रे फेर्रे' आणि 'मोलेस्ते फेर्रे' म्हणजे मनाला लावून घेणे, आणि सिसेरोच्या पत्रांत हे पुन्हा पुन्हा येतं. उपसर्ग 'पेर' (शेवटपर्यंत) लागला की सोसण्याला तड लागते. कवी ओव्हिड म्हणतो, 'पेर्फेर एत ओब्दूरा', शेवटपर्यंत सोस, टणक हो, हे दुःख पुढे तुझ्या उपयोगी पडेल.

कवी होरेसने लिहिणाऱ्यांना दिलेला सल्लाही याच क्रियापदावर तोललेला आहे: विषय आपल्या ताकदीचा घ्या, खांदे काय पेलायला नकार देतात आणि काय पेलू शकतात याचा पुष्कळ वेळ विचार करा. तिथे 'फेर्रे' हे धड नुसतं वाहणे नाही आणि धड सोसणेही नाही. मराठीतला 'पेलणे' तिथे चपखल बसतो.

एकच क्रियापद, पण अर्थ उलटे. असं खरंच होतं?

होतं, आणि या क्रियापदाचं सगळं मर्म मला तिथेच दिसतं.

व्हर्जिलच्या दहा गोपकाव्यांपैकी चौथ्यात येणाऱ्या सुवर्णयुगाचं वर्णन आहे. व्यापारी जहाजं थांबतील, कारण 'ओम्निस फेरेत ओम्निआ तेल्लुस': प्रत्येक भूमी सगळं काही देईल. इथे 'फेरेत' म्हणजे पीक देईल. जमीन पीक अंगावर वागवते, शेत भरतं, कणीस भरतं.

नवव्या काव्यात म्हातारा मेंढपाळ मोएरिस म्हणतो, 'ओम्निआ फेर्त आइतास, आनिमुम क्वोक्वे'. शब्दशः: सगळं, वाहतं, वय, मनसुद्धा. इथे तेच 'ओम्निआ', तेच 'फेरो', पण आता अर्थ वाहून नेतं असा. वय सगळं घेऊन जातं, स्मरणसुद्धा. लहानपणी सूर्य मावळेपर्यंत गात बसायचो ते मला आठवतं, असं तो पुढे म्हणतो, आणि आता कितीतरी गाणी विसरलो.

एकाच कवीच्या एकाच संग्रहात जमीन सगळं 'देते' आणि काळ सगळं 'नेतो', आणि क्रियापद दोन्हीकडे एकच. वाहणाऱ्याची पाठ तुमच्याकडे आहे की तोंड, यावर ठरतं तुम्हाला मिळालं की तुमचं गेलं. कोशातले 'देणे' आणि 'नेणे' असे दोन वेगळे क्रमांक मला इथे खोटे वाटतात. रोमन कानाला दोन्हीकडे वाहणंच ऐकू येत होतं.

आणखी एक छटा. ओव्हिड आपल्या रूपांतरांच्या महाकाव्याची सुरुवातच 'इन नोवा फेर्त आनिमुस' अशी करतो. मन नव्याकडे वाहत नेतं. कवी काव्य वाहत नाहीये, मन त्याला वाहून नेतंय.

'फेरुन्त' म्हणजे 'ते वाहतात', पण भाषांतरात 'असं म्हणतात' का येतं?

बातमी हीसुद्धा वाहायची वस्तू आहे. ती एका तोंडातून दुसऱ्या कानात वाहिली जाते. म्हणून कर्ता न सांगता आलेलं 'फेरुन्त' म्हणजे 'म्हणतात', आणि 'फेर्तुर' म्हणजे 'असं म्हटलं जातं'. मराठीतही 'म्हणतात' म्हणताना कोण म्हणतं हे कोणी विचारत नाही. इतिहासकार आणि कवी जबाबदारी आपल्यावर न घेता दंतकथा सांगायची असली की हा शब्द वापरतात, तेव्हा तो डोळ्यांआड करू नका.

कायद्याच्या भाषेत हे क्रियापद कसं येतं?

'लेगेम फेर्रे' म्हणजे लोकांपुढे कायद्याचा प्रस्ताव मांडणे. शेवटपर्यंत नेऊन मंजूर करून घेतला तर 'पेर्फेर्रे'. 'लेगिस लातोर' म्हणजे कायदा आणणारा, ज्यातून लेजिस्लेटर हा शब्द निघाला. कायद्याचे विद्यार्थी अजून दोन जुने वाक्प्रचार वापरतात: 'दे लेगे लाता' म्हणजे आज अस्तित्वात असलेल्या कायद्याप्रमाणे, आणि 'दे लेगे फेरेन्दा' म्हणजे कायदा जसा आणायला हवा तसा. 'लाता' आणलेला, 'फेरेन्दा' आणायचा. एकाच क्रियापदाची दोन टोकं.

मत देणे म्हणजे 'सुफ्फ्रागिउम फेर्रे'. मतं मोजताना उमेदवाराच्या नावापुढे ठिपके मारत, म्हणून 'पुन्क्तुम फेर्रे' म्हणजे मत मिळवणे. होरेसची प्रसिद्ध ओळ त्यावरच आहे: उपयुक्त आणि मधुर यांचं मिश्रण ज्याने साधलं त्याने सगळी मतं नेली, 'ओम्ने तुलित पुन्क्तुम'. मतदानाचं चित्र माहीत नसेल तर ही ओळ नुसती सुभाषित म्हणून वाचली जाते.

सैन्यात?

'सिग्ना इन्फेर्रे' म्हणजे निशाणं आत नेणे, अर्थात हल्ला करणे. 'पेदेम रेफेर्रे' म्हणजे पाय मागे आणणे, माघार घेणे. निशाण वाहणारा 'सिग्निफेर', सैन्यदलाचा गरुड वाहणारा 'आक्विलिफेर'.

एक प्रसंग द्यायलाच हवा. इसवी सनपूर्व 55 मध्ये सीझरची जहाजं ब्रिटनच्या किनाऱ्याला लागली. पाणी खोल, समोर शत्रू, अंगावर शस्त्रांचं ओझं. सैनिक उडी मारायला कचरत होते. तेव्हा दहाव्या दलाचा गरुडवाहक देवांची प्रार्थना करून ओरडला: उड्या मारा, सैनिकांनो, नाहीतर गरुड शत्रूच्या हवाली कराल. मग तो स्वतः पाण्यात उतरला आणि, सीझरच्या शब्दांत, 'इन होस्तेस आक्विलाम फेर्रे कोएपित', गरुड शत्रूवर नेऊ लागला. अख्ख्या वर्णनात सगळ्यात साधं क्रियापद सगळ्यात अवघड जागी ठेवलंय. सीझरने ते तसंच सोडलं, विशेषण एकही जोडलं नाही.

'रेफेर्त' म्हणजे 'परत आणतो' की 'महत्त्वाचं आहे'?

दोन वेगळे शब्द आहेत. ऱ्हस्व 'रे' असलेला 'रेफेर्त' म्हणजे परत आणतो, सांगतो. दीर्घ 'रे' असलेला म्हणजे 'फरक पडतो', आणि त्यात 'रे' हा उपसर्ग नसून 'रेस' (गोष्ट) हा शब्द आहे. 'क्विद रेफेर्त?' म्हणजे काय फरक पडतो? छापील पुस्तकात दीर्घखूण बहुधा नसते, तेव्हा संदर्भावरून ठरवा. पद्यात वृत्त सांगतं.

आणखी कशाशी गल्लत होते?

'फेर्री' हे फेरोचं कर्मणी साधारण रूप (वाहिलं जाणे) आणि 'लोखंडाचं' या अर्थाचं षष्ठीचं रूपही, कारण लोखंड म्हणजे 'फेर्रुम'. 'फेराम' म्हणजे 'मी वाहीन', 'मी वाहावं', आणि शिवाय 'जंगली श्वापदाला'. 'लातुस' तीन आहेत: वाहिलेला, रुंद, आणि ऱ्हस्व 'ला' असलेला 'बाजू' या अर्थाचा. यांचा एकमेकांशी संबंध नाही.

हे क्रियापद रोजच्या मराठीत कुठे दडलंय?

इंग्रजीतून आलेले शब्द ओळीने घ्या. ट्रान्सफर, ऑफर, कॉन्फरन्स, रेफरन्स, रेफरी, प्रेफरन्स हे 'फेर'वाले. रिलेशन, ट्रान्सलेशन हे 'लात'वाले. म्हणजे सरकारी नोकराची ट्रान्सफर आणि पुस्तकाचं ट्रान्सलेशन एकाच क्रियापदाची दोन रूपं आहेत, पलीकडे नेणे.

लेखांच्या तळटीपांत 'सीएफ' अशी दोन अक्षरं असतात. ती 'कॉन्फेर' या आज्ञार्थाची: एकत्र आण, म्हणजे ताडून बघ. लातुमच्या बाजूने त्याचं नाम 'कोल्लातिओ', आणि त्यासाठी आपला शब्द 'तुलना'. कोल्लातिओमधला 'लात' आणि तुलनेतला 'तुल' मुळात एकच आहेत. ही गोष्ट मला कळली तो दिवस मी विसरलेले नाही. ग्रीकमध्ये त्याच धातूचा 'तालान्तोन' म्हणजे तराजू, वजन. त्याचं पुढे टॅलेंट झालं. तोळा आणि टॅलेंट हे चुलत भाऊ.

शेतकऱ्याच्या खळ्यात पडलेली खताची गोणीही बघा. फर्टिलायझर हा शब्द 'फेर्तिलिस' म्हणजे भरपूर पीक देणारी, यातून आला, आणि तो फेरोपासून. गोणीवर लिहिलेलं फॉस्फरस ग्रीक आहे, अर्थ 'प्रकाश वाहणारा', आणि त्यातला 'फर' म्हणजे आपलाच 'भर'. त्याचं लॅटिन प्रतिरूप 'लूकिफेर'. रोमन माणसासाठी ती पहाटेची शुक्राची चांदणी होती, सैतान तो नंतर झाला. भूजलाच्या कामात ज्याला आपण 'जलधर' म्हणतो तो अॅक्विफर म्हणजे पाणी वाहणारा थर. इथे मराठीने 'भृ'ऐवजी 'धृ' निवडला आणि शब्द छान जमला.

अपादान विभक्तीला लॅटिनमध्ये 'अब्लातिवुस' म्हणतात. अब्लातुम म्हणजे काढून नेलेलं. आणि 'अप + आदान' म्हणजेही दूर घेणे. रोममधल्या आणि इथल्या व्याकरणकारांनी एका विभक्तीला जवळजवळ तेच नाव दिलं.

मराठीतून लॅटिन शिकणं खरंच सोपं पडतं?

पडतं. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत, कर्ता न सांगता 'जातो' म्हणता येतं. इंग्रजीमार्गे गेल्यावर हे सगळं आधी विसरावं लागतं आणि मग परत शिकावं लागतं. चांगलं इंग्रजी व्याकरण जवळ असू द्या, पण अर्थ मराठीत लावा. वहीत 'फेरो'पुढे पहिला शब्द 'वाहणे' लिहा.

हे क्रियापद पक्कं करायला कोणता उतारा वाचू?

बहुतेक शिक्षक व्हर्जिलच्या 'एनेइड' या महाकाव्याचं दुसरं पुस्तक सुचवतात, आणि ते योग्यच आहे. ट्रॉयचा पुजारी लाओकोओन ग्रीकांनी ठेवलेल्या लाकडी घोड्याबद्दल म्हणतो, भेटी घेऊन येणाऱ्या ग्रीकांचीसुद्धा मला भीती वाटते, 'तिमेओ दानाओस एत दोना फेरेन्तेस'. शेवटी जळत्या ट्रॉयमधून एनिअस वडिलांना खांद्यावर घेऊन डोंगराची वाट धरतो, 'सुब्लातो गेनितोरे'. श्रावणबाळ ऐकून मोठे झालेल्यांना तिथे कोशाची गरज लागत नाही. 'सुब्लातो'मध्ये तोल्लो आहे हे तेवढं ओळखा.

पण मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी तेच नववं गोपकाव्य देते, ज्यात मोएरिसची ती ओळ आहे. सत्तरएक ओळींचं आहे, महिन्याभरात नीट वाचून होतं. पार्श्वभूमी एवढीच: फिलिप्पीच्या लढाईनंतर (इसवी सनपूर्व 42) इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून सैनिकांना वाटल्या गेल्या. मोएरिसचं शेत गेलंय. नव्या मालकाला द्यायची करडं घेऊन तो शहराकडे चाललाय. वाटेत तरुण लिकिदास भेटतो आणि जुनी गाणी म्हणायचा आग्रह करतो. म्हाताऱ्याला तुकडे आठवतात, बाकी वयाने नेलेलं. लिकिदास म्हणतो, निम्मी वाट आली, इथे शेतकरी पाला छाटतायत तिथे करडं खाली ठेव, इथे गाऊ. आणि पाऊस येईल अशी भीती असेल तर गात गात चालू, मी तुझं हे ओझं हलकं करतो.

मोएरिस ओझं देत नाही. पुरे आता, पोरा, म्हणतो. हातातलं काम आधी उरकू. ती गाणी रचणारा मेनाल्कास स्वतः येईल तेव्हा गाणी बरी गाऊ.